पेन्सिलीच्या माणसाची गिटार

बसून घ्या सगळे. मागं उभे आहेत त्यांनीही पुढं या, अंथरलेला जमखाना रिकामा आहे.

तेरावा होऊन चार दिवस झाले. इतके दिवस घर भरलेलं होतं. मी तोंड उघडलं की कुणीतरी हातात गरम कापीचा पेला द्यायचं. आज पहिल्यांदा बोलायला उभी राहिले, आणि आवाज कुठून काढायचा तेच कळत नाही. तीस वर्षं मुलींना गणित शिकवलं. फळा पाठीशी असला की मला धीर येतो. इथं फळा नाही. बायकोनं नवऱ्याच्या शोकसभेत बोलावं का, असंही दोघातिघांनी विचारलं. विचारू देत. मला सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही.

मराठीत बोलते. लेकरांनो, तुम्हाला बोलता येत नसलं तरी सगळं समजतं, हे मला पक्कं माहीत आहे. वीणा घडवणारे आमचे आचारी, तुम्हाला शेजारी बसलेला कुणी तमिळमधून सांगेल.

तर, आमचे माधवराव. सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन. कालवे, बंधारे, मोऱ्या, सगळ्यांचे नकाशे यांच्या हातचे. पण पेन्सिलीनं! शाई फिरवायची वेळ आली की कागद शेजारच्या टेबलावर जायचा. पेन्सिल खोडता येते, शाई खोडता येत नाही. हा माणूस जन्मभर पेन्सिलीचा राहिला. लग्नाला होकार द्यायला यांनी अकरा महिने घेतले. शेवटी तो सासऱ्यांनीच दिला. हसा, हसा. यांनाही चाललं असतं.

आमच्या रस्त्यात टीव्हीची केबल आली त्या वर्षी मीनानं गिटार मागितली. आमची मुलगी, ही इथं बसली आहे. वीणेचा क्लास सोडून आली आणि म्हणाली, अप्पा, मला गिटार पाहिजे. हे म्हणाले, "तंजावरात राहून वाद्य विकत आणायचं? लोक काय म्हणतील? मी करतो."

मी करतो! खिळा ठोकायला माणूस बोलावणारं आमचं घर.

चर्चमधल्या संगीत मास्तरांची गिटार दोन दिवस मागून आणली, मापाला माप नकाशा काढला आणि परसातल्या पडवीत काम सुरू झालं. आता यांनी काय केलं असेल? वीणा करणाऱ्या आचारींकडे लहानपणापासून जाणंयेणं. तिथं काय पाहिलेलं? अख्ख्या फणसाच्या ओंडक्यातून कोरलेली वीणा सगळ्यांत भारी. मग गिटारही तशीच! अख्खा ओंडका आणला. सात महिने कोरत होते. झाली, तेव्हा पडवीतून ओसरीवर आणायला दोन माणसं लागली. तार छेडली तर दार ठोठावल्यासारखा आवाज.

आचारी आले. बघितलं. म्हणाले, "राव सार, वीणा जमिनीवर बसते. ही तर पोरीच्या गळ्यात राहणार. पोरगी जगेल का?"

आचारी, मान खाली घालू नका. तुम्ही हसलात म्हणून हे शिकले. दुसऱ्या दिवसापासून लाकडाच्या पातळ पट्ट्या. गरम पाण्यात भिजवायच्या, तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवायच्या, आणि मोडायच्या. वाकवायच्या, आणि मोडायच्या. आमच्या न्हाणीचं पाणी कैक महिने मोडक्या पट्ट्यांवर तापलं.

वरच्या फळीला फणस नको, हलकं, सरळ रेषांचं लाकूड हवं. ते कुठं मिळावं? पापनाशमच्या एका भातगिरणीत परदेशातून यंत्र आलं होतं. त्या दिवसांत सगळंच परदेशातून यायला लागलं होतं. गाव लोटलं यंत्र बघायला. हे यंत्राकडे पाठ करून ते ज्या खोक्यातून आलं त्याच्या फळ्यांवर टिचक्या मारत बसले. मालकाला वाटलं, कचेरीतून तपासणीला आलेत! दोन फळ्या बसच्या टपावर टाकून आणल्या.

असं करत गिटारची पेटी तयार झाली. फक्त वरची फळी चिकटवायची राहिली. आणि तिथं सगळं थांबलं.

फळीच्या आतल्या अंगाला बारीक पट्ट्या असतात. त्या तासाव्या तसा आवाज बदलतो. एकदा पेटी बंद झाली की आत हात जात नाही. म्हणजे शाई! हे रोज फळी कानाशी धरत, बोटानं वाजवत, म्हणत, "अजून थोडं." एक वर्ष अजून थोडं. दुसरं वर्ष अजून थोडं. मीना नोकरीला बंगळूरला गेली तरी अजून थोडंच.

मग यांचा उजवा हात कापायला लागला. माझ्यापासून लपवायचे. कापी डाव्या हातानं घ्यायचे, उजवा उपरण्याखाली. मी बघत होते. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. मला एवढंच कळलं, की या वर्षी ती पेटी बंद झाली नाही तर कधीच होणार नाही. हा माणूस "अजून थोडं" म्हणत म्हणत जाईल, आणि जाताना त्याच्या हातात काही पुरं झालेलं नसेल. त्याची मला फार भीती वाटायची.

आता ऐका. लाकूड चिकटवायला सरस लागतो. सरस कशाचा होतो, तुम्हाला ठाऊक आहे. जनावराच्या कातड्याचा. त्या वासाला मी घरात येऊ दिलं नव्हतं. परसात वेगळा स्टोव्ह, वेगळं भांडं, हात धुतल्याशिवाय यांना उंबरा ओलांडायची बंदी. मी त्या भांड्याला कधी बोट लावलं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारी जेवण झालं. हे खाटेवर आडवे झाले. मी पडवीत गेले, स्टोव्ह पेटवला, सरस पातळ केला. यांना टाकाऊ तुकड्यांवर लावताना शंभरदा पाहिलं होतं. पेटीच्या काठावर ब्रश फिरवला. आणि हाक मारली, "अहो! सरस लावलाय! सुकतोय!"

हे धावत आले. कमरेची वेष्टी अर्धी सुटलेली. माझ्याकडे एकदा बघितलं. रागवायला वेळ कुठं होता? फळी बसवली आणि ओरडले, "दाब!" दोघांनी दाबून धरलं, मग हे दोरी आवळत गेले आणि मी गाठीवर बोट ठेवत गेले. नंतर मी डोक्यावरून न्हाले. हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढं महिन्यानं तारा चढल्या. आवाज चांगला की वाईट? मला विचारू नका, मी गणिताची. पण आचारींनी ऐकलं, डोळे मिटून बसले आणि म्हणाले, अम्मा, कापी द्या. ज्या घरचं काम पसंत नाही तिथं ते पाणीही घेत नाहीत. मीनानं सुट्टीत येऊन वाजवली. नंतरची वर्षं हे स्वतः संध्याकाळी ओसरीवर दोन-तीन सूर काढत बसत, कापऱ्या हातानं, मजेत. असं मजेत मी त्यांना नोकरीत कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या मनात मात्र एक होतं. त्यांच्या हातचं शेवटचं ठरवणं मी हिसकावून घेतलं, असं. कधी विचारलं नाही. या शेवटच्या आजारात विचारलं. म्हटलं, त्या दुपारी मी चुकले का? तुम्ही झोपला होतात, तुम्हाला न सांगता केलं.

हे म्हणाले, "झोपलो कुठं होतो? सरसाचा वास आला. तुझा ब्रशही ऐकू येत होता."

"मग उठला का नाहीत?"

"उठलो असतो तर तुला थांबवलं असतं की."

एवढंच. मग पाणी मागितलं.

मी रडतेय असं कुणी समजू नका. माझं मन भरलं आहे. आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. माधवरावांना माझा आणि तुम्हा सगळ्यांचा नमस्कार.