गर्दीच्या जागी हरवलेले सासरे

झमीरा: दोनदा पुकारलं बाई तुझ्या सासऱ्यांना. अख्ख्या ओशच्या बाजारात भोंगा घुमला, पण म्हातारबाबांचा पत्ता नाही.

सायकाल: कमी ऐकू येतं हो त्यांना, ताई. त्यातून नावही असं...

झमीरा: बाजारबाय! छान तर आहे.

सायकाल: अशाच गर्दीच्या दिवशी जन्मले म्हणून ठेवलेलं. पण तुमच्या भोंग्यावरून दिवसभर तोच शब्द. त्यांना वाटत असेल, मटणाचा भाव सांगतायत.

झमीरा: 'तोच शब्द' म्हणजे? बाजार?

सायकाल: मी 'गर्दीची जागा' म्हणते. सुनेनं सासऱ्यांचं नाव कसं घ्यायचं? म्हणून तर तुम्हाला कागदावर लिहून दिलं.

झमीरा: म्हणजे कांदे आणायला निघालीस की...

सायकाल: 'गर्दीच्या जागी जाऊन येते.' अकरा वर्षं झाली. आता पोरंही तसंच म्हणतात. हसू नका ना, ताई! त्यांची छातीची गोळी माझ्या पिशवीत राहिलीय.

झमीरा: तुझा आवाज ओळखतात?

सायकाल: माझाच तर कळतो.

झमीरा: मग धर हा माईक.

सायकाल: बाबा! मी सायकाल! भोंग्याच्या खोलीपाशी या, बाबा!

(थोड्या वेळाने)

झमीरा: दारात बघ, सात म्हातारे जमलेत. त्यातल्या एकाला तर सूनच नाही म्हणे.

सायकाल: यांत आमचे नाहीत.

झमीरा: मग घे नाव. मी कुणाला सांगायला जात नाही.

सायकाल: ते अख्ख्या ओशला ऐकू जाणार, ताई! ...द्या इकडे. बाजारबाय! ऐकताय का? बाजारबाय, इकडे या!

बाजारबाय: आलो, आलो! कोण गं ते? टोप्यांच्या गल्लीत गप्पा मारत बसलो होतो.

सायकाल: चुकलं माझं, बाबा. आधी ही गोळी घ्या, मग काय बोलायचं ते बोला.

बाजारबाय: गप्पांच्या गलक्यात नुसतं 'बाबा' तेवढं ऐकू आलं होतं मला. पण इथे सगळेच बाबा, कशाला उठायचं? मग नाव आलं आणि हातातला पेलाच सांडला. माझी थोरली बहीण नदीपलीकडून अशी हाक मारायची.

सायकाल: रागावला नाहीत?

बाजारबाय: ती जाऊन सहा वर्षं झाली, पोरी. तेव्हापासून मी कुणाचा बाबा, कुणाचा आजोबा. नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही.

झमीरा: बसा आजोबा, चहा टाकते.

बाजारबाय: टाक. सायकाल, तू जरा इकडे ये. आणखी एकदा म्हण. ओरडू नकोस, जवळ येऊन म्हण.