दुमुंड्याच्या गुंड्या कुठल्या बाजूला

नाही, राक्षसाला डोकी दोन दिलीत ती दिलीत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ती ठेवायला माझ्याच खोलीतलं फडताळ सापडावं? आणि तेही मशीनच्या बरोब्बर समोरचं? तुम्हाला सांगते, तीन दिवस ती दोन मुंडकी माझ्याकडे बघत होती आणि मी मान खाली घालून शिवत होते. घाबरले नाही हं मी. घाबरणं आमच्या रक्तातच नाही. फक्त एक चादर टाकली त्यांच्यावर... तर चादरीखाली ती आणखीच वाईट दिसायला लागली, म्हणून काढली.

मी नाट्यगृहात कपडे शिवते. तळघरात, एकोणचाळीस वर्षं. शिकवलं कुणीही नाही. सासूबाई दुपारी झोपल्या की त्यांचे झंपर उसवायचे आणि त्या उठायच्या आत होते तसे शिवून ठेवायचे, अशी मी शिकले. माझ्या हातचा कपडा आजवर परत आला नाही. आणि आता हे राक्षसाचं नाटक. कादंबरीवरून केलंय, तीन भाग, एकेक भाग उशीएवढा. त्यातला मुख्य राक्षस हा दुमुंड्या. धड एक, डोकी दोन, आत माणसं दोन, आणि चार पाय झाकायला जमिनीपर्यंत झगा.

मॅनेजर दारातूनच बोलला, आत यायची तसदी घेतली नाही. "आजी, परवा सकाळी झगा पाहिजे. नाहीतर बाहेरून भाड्यानं आणू. आणि सगळं बाहेरूनच यायचं असेल तर ही खोली तरी कशाला अडवायची? जादा खुर्च्या ठेवता येतील." खुर्च्या. माझ्या खोलीत. ऐकलंत ना? सुईत दोरा ओवायला गेले तर सुईच उलटी धरलेली... म्हणजे घाबरले नाही हं मी, तळघरात उजेडच कमी.

कापड बेतायला घेतलं आणि अडले. कारण बाप्याच्या अंगरख्याला गुंड्या उजवीकडे आणि बाईच्या डावीकडे, हे शिवणाऱ्याला आधी कळायला लागतं. हा दुमुंड्या बाप्या की बाई? बरं, नाटक ठरलं तेव्हाच तिन्ही भाग वाचले होते मी. चौथीत शाळा सुटली, वाचन सुटलं नाही. तर पहिल्या भागात तो डोंगराच्या अंड्यातून निघतो, अंड्यात बलक दोन, आणि दोघे भाऊ. दुसऱ्या भागात म्हणे अंडं वगैरे काही नव्हतंच, एक चेटकीण आणि तिला मारायला आलेला शिपाई एकाच शापात सापडले आणि चिकटले. तिसऱ्या भागात डावं डोकं म्हणतं मी आई आहे, उजवं म्हणतं खोटं बोलते, मी हिला जन्म दिला. आता यावर मी कात्री कुठे चालवू?

लेखकाला खाली बोलावला. काडीसारखा पोरगा, केस डोळ्यांवर, बोलतो असा की शब्द बाहेर पडायला लाजतात. "आजी... म्हणजे... ते तसं ठरवता येत नाही. वाचकसुद्धा भांडतात. ते... गूढ आहे."

म्हटलं, "गूढ तुझं, बाळा, गुंड्या माझ्या. उजवीकडे की डावीकडे?"

तो म्हणाला, "दोन्हीकडे नाहीत अशा लावता येतील का?"

आणि इथे माझी मती फिरली. समोरून गुंड्याच नकोत, मी पाठीला चेन लावली. मानेपासून खालपर्यंत, जाडजूड. काय अक्कल पाहा. पाठीची चेन आतल्या माणसाच्या हाताला लागत नाही, हे एकोणचाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईला सुचू नये?

परवाची सकाळ उजाडली. झगा तयार. नट दोघे, त्यातला एक तापानं पडलेला आणि दुसरा त्याला बघायला गेलेला. मॅनेजर म्हणाला, "मला रंगमंचावर आत्ता चालताना दिसला पाहिजे. आजी, तुम्हीच शिरा. आणि इस्त्रीवाल्या बाईंना बोलवा."

इस्त्रीवाली बाई म्हणजे माझी धाकटी जाऊ. समोरच्याच खोलीत असते. अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नाही. सासूबाईंचं मशीन, ज्यावर मी शिकले, ते गेलं हिच्याकडे, आणि हिनं त्यावर काय ठेवावं? फुलदाणी. प्लास्टिकच्या फुलांची.

पण खुर्च्या डोळ्यांपुढे आल्या, शिरले. ती शिरली. मॅनेजरनं चेन ओढली, मुंडकी बसवली, आणि अंधार. बघायला राक्षसाच्या दातांमधली फट, तीही माझ्या डोक्याची छताकडे वळलेली. तिच्या अंगाला इस्त्रीचा वास, माझा श्वास मलाच ऐकू येतोय, आणि मॅनेजर खालून ओरडतोय, "चला पुढे." मी डावा पाय टाकला, तिनं उजवा. मी ओढते, ती ओढते. तेवढ्यात लेखकाचा आवाज, कधी नव्हे तो मोठा, "थांबा, थांबा, फळी उघडी आहे!"

रंगमंचाच्या मधोमध राक्षस वर येण्यासाठी भोक आहे हो, पुरुषभर खोल. ते कुठे आहे ते मला दिसत नव्हतं. पायाच्या अंगठ्याखाली लाकूड संपल्याचं मात्र कळलं.

मागे जायचं तर दोघींनी एकदम जायला हवं. एकीनं पाऊल मागे, दुसरीनं पुढे केलं की संपलं. म्हणजे कुणीतरी बोलायला हवं. आणि पहिल्यांदा कोण बोलणार, यावरच तर अकरा वर्षं आमचं घर उभं. तुम्हाला सांगते, घाबरले नाही हं मी... बरं, घाबरले. झालं समाधान? अशी घाबरले की मनातल्या मनात सासूबाईंना हाक मारली. तेवढ्यात अंधारात एक हात माझा हात शोधत आला, थंडगार.

"जाऊबाई," ती म्हणाली, "घाबरलात?"

"मी? छे. तू?"

"मी कशाला?"

"मग डावा पाय मागे घे. माझ्याबरोबर. एक..."

"तुमचा डावा की माझा डावा?"

"अगं, डावा तो डावा, त्यात वाटण्या कसल्या? एक... दोन..."

मागे आलो. एक पाऊल, मग दुसरं. मॅनेजर धावत आला आणि चेन ओढायला लागला, तर ती कापडात अडकलेली. शेवटी पाठ उसवायला लागली, कशी उसवायची ते मी आतून ओरडून सांगत होते. माझं शिवण माझ्याच तोंडानं.

लेखक वही घेऊन उभा. पांढराफटक. "आजी, आतून... काय वाटलं? दुमुंड्या बाई की पुरुष?"

म्हटलं, "लिहून घे. जावा आहेत दोघी. अंडं नाही, शाप नाही. एका घरात आल्या, एका मशीनवरून भांडल्या, आणि पडायची वेळ आली तेव्हा चिकटल्या. चेन आता बाजूला लावते, हाताला येईल अशी."

खोली राहिली. खुर्च्या जिन्याखाली गेल्या. फक्त एक झालं, त्या दोन नटांना आमच्यासारखी पावलं काही टाकता आली नाहीत. मॅनेजर म्हणाला, "आजी, तुमच्यासारखी भीती त्यांना जमत नाही." त्यामुळे आता आठवड्याला चार प्रयोग, मी डावं डोकं, ती उजवं, आणि त्या भोकापाशी आलो की रोज तोच थंडगार हात. हात ती सोडत नाही.

मशीनही सोडत नाही.