बाबांचा ळ

दुकानाची नवी पाटी छापून घ्यायला फळवाला रांगेत उभा होता. त्याच्यापुढची मुलगी संगणकावर बसलेल्या काकांना फोनमधले फोटो दाखवत होती.

"बाबा पाट्या रंगवायचे, काका. त्यांच्या तसबिरीखाली त्यांच्याच अक्षरात नाव हवंय."

"मग त्यांच्याकडूनच..."

"परवा गेले ते."

"अरेरे! दाखव बघू. या पाट्यांवरून अक्षरं उचलता येतील. पण आडनावातला ळ कुठंय?"

"तोच मिळेना. गावभर पायपीट केली. जिकडं बघावं तिकडं छापील पाट्या."

"संगणकातला घालू? कुणाच्या लक्षात यायचं नाही."

"आईच्या येईल. चौकातल्या फळांच्या दुकानावर होता एक. काल गेले, तर पाटीच नाही."

फळवाला रांगेतून पुढं आला.

"ताई, ते दुकान माझंच. पाटी गेल्या आठवड्यात फोडून जाळली."

"असू दे, दादा. तुम्हाला काय ठाऊक! पण ळ कसा होता, तेवढं सांगता? डावं वाटोळं मोठं होतं की उजवं?"

"वीस वर्षं डोक्यावर होती ती पाटी..."

"मग?"

"मान वर करून कधी बघितलंच नाही, ताई."