शिडी हलवायची नाही

वहिनी, पावणं मंडळी आणि आमच्या स्क्वाड्रनच्या उरलेल्या म्हाताऱ्यांनो,

दत्ताअण्णांबद्दल असं उभं राहून बोलायचं जिवावर आलंय. ते असताना कुणाला बोलू दिलं होतं त्यांनी? आधीच गारगोटी गावाकडचा रांगडा आवाज, त्यात बॉम्बर विमानांच्या इंजिनांशेजारी उभं राहून कान गेलेले. अण्णा हळू बोलले तरी इथं कोल्हापुरात राजारामपुरीतली अर्धी गल्ली ओ द्यायची. हसा, हसा. त्यांना चाललं असतं.

मी बाबूलाल मुल्ला, गडहिंग्लजचा. हवाई दलात अण्णा आणि मी एकाच बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये होतो. उडणारे साहेब लोक वेगळे, आम्ही जमिनीवरचे. विमान तयार करायचं, साहेबांना चढायला शिडी लावायची आणि परत येईपर्यंत आभाळाकडं बघत बसायचं. आमच्यात एक रीत होती. चढताना ज्यानं शिडी लावली, उतरतानाही त्यानंच लावायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

लढाई लागली. एका दुपारी अण्णांनी शिडी लावलेलं विमान परत आलं नाही. इंधन संपायची वेळ टळून गेली. सार्जंट म्हणाले, शिडी आत न्या. अण्णा म्हणाले, "न्हाय न्हेणार. सायेब आल्यावर उतरणार कशावरनं? उडी टाकून व्हय?" जेवायला बोलावलं, गेले नाहीत. शिडी धरून उभेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान आलं! एक इंजिन बंद पडलं म्हणून भलत्याच तळावर उतरलं होतं, आणि लढाईच्या गडबडीत निरोप काही पोचला नव्हता. साहेब उतरले, तर अण्णा काय म्हणाले असतील? "किती उशीर ओ! माझा चहा बुडाला की."

पुढं विमानं म्हातारी झाली. बॉम्ब टाकायचं सुटलं आणि दुसऱ्यांच्या नेमबाजीच्या सरावासाठी मागं निशाण बांधून ओढायचं काम आलं. अण्णा म्हणायचे, "बाबू, आपलं इमान आता आजोबा झालंय. नातवंडं खडं मारत्यात, आपण पळायचं." मग तीही विमानं गेली.

तेव्हापासून अण्णा स्क्वाड्रनच्या वाढदिवसाला आम्हाला घरी बोलवायचे. वहिनींच्या हातचा पांढरा रस्सा आणि अण्णांच्या तोंडून स्क्वाड्रनचा इतिहास, अगदी पहिल्यापासून. दरवर्षी तोच इतिहास, आणि दरवर्षी त्यात तीच चूक. ते सांगायचे, विमान त्याच संध्याकाळी परत आलं. आम्ही एकमेकांकडं बघायचो, पण दुरुस्त कुणी केलं नाही. त्या रात्री अण्णा शिडीला डोकं टेकून रडले होते. मी बघितलं होतं. ती रात्र त्यांनी इतिहासातनं काढूनच टाकली होती.

अण्णा गेले आणि आमच्यापुढं प्रश्न पडला. आता हे बंदच करायचं का? स्क्वाड्रनमधली नवी पोरं नव्या विमानांवर रमलेली. आमची जुनी विमानं आता कुणाच्या तोंडी राहणार? परवा मी भीत भीत वहिनींना विचारलं, यंदा राहू दे का? तर वहिनी म्हणाल्या, "का वं भावजी? ते गेलं म्हणून तुमी बी यायचं बंद करणार व्हय? रस्सा मी करतो. सांगायचं तुमी बगा."

वहिनी, आम्ही येणार. यंदा इतिहास मी सांगणार, पहिल्यापासून.

मंडळी, आता सगळे उभे राहूया आणि घटकाभर गप्प राहूया.

अण्णा, माझा सलाम घ्या. विमान त्याच संध्याकाळी आलं, असंच सांगीन.