ओट्यावर ठेवलेल्या ऑइलच्या कॅनबाबत

नाव: हणमंतराव वल्द उद्धवराव राजूरकर. वय: ६८ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त, पूर्वी बेल्लमपल्लीस कोळसा खाणीच्या वर्कशॉपात स्टोअरचा कारकून. राहणार: मौजे बोरगव्हाण, नार्नूरपासून दीड कोस, जिल्हा आदिलाबाद. सन १९९४, दसऱ्याचा आदला दिवस, दुपारी चार वाजता.

मी कोणी बोलावले नसता, आपल्या पायांनी नार्नूरच्या ठाण्यात हजर होऊन समक्ष लिहून देतो की, आज दुपारपासून ठाण्याच्या बाकावर बसलेला माझा शेजारी भिवाजी याने चोरी केलेली नाही. ऑइलचा कॅन मीच त्याच्यासाठी ओट्यावर ठेवला होता. चूक माझी आहे. ती कशी झाली ते खाली क्रमाने लिहितो.

जमादार साहेबांना बोललेली मराठी समजते, लिहिता येत नाही. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला व म्हणाले, "आप ही लिखो साब, बाद में पढ के सुनाओ." म्हणून हा जबाब माझ्याच अक्षरात आहे.

माझा मुलगा चिंतामणी याची निळ्या रंगाची डिझेलवर चालणारी पिकअप गाडी आहे. तीत तो कापूस व भाजीपाला आदिलाबादला नेतो. गाडी घेतल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, तिचे इंजिन ऑइल मी घरीच अंगणात बदलतो. वर्कशॉपात तीस वर्षे मी ऑइल फक्त वहीत लिहिले, हाताने कधी घातले नाही. ती हौस आता फिटते.

उद्या दसऱ्याला नातीला, नामे सुभद्रा, वय पाच, बासरला नेऊन सरस्वतीपुढे तिच्या हाताने पाटीवर पहिले अक्षर काढायचे ठरले आहे. लांबचा पल्ला म्हणून आज ऑइल बदलायला घेतले.

सकाळी साडेसातला मी इंजिन दहा मिनिटे चालू ठेवले. ऑइल गरम झाले की पातळ होऊन सगळी घाण घेऊन उतरते. मग गोणपाट अंथरून गाडीखाली शिरलो, घमेले लावले आणि सतरा नंबरच्या पान्याने खालचा नट सोडला. जुने ऑइल धार धरून पडले. धार संपल्यावर थेंब सुरू होतात. थेंब पुरते निथळू द्यावे, घाई करू नये, असे माझे मत आहे. त्यासाठी मी घड्याळ वापरत नाही. चौथीत गुरुजींनी शिकवलेली नदीची कविता सावकाश तीनदा म्हटली की ऑइल निथळते. निजामाच्या अमलात आमची शाळा उर्दूत होती. मराठी कविता गुरुजी शाळा सुटल्यावर चिंचेखाली शिकवत, ती फीमध्ये धरलेली नव्हती. जमादार साहेबांनी याचा चोरीशी संबंध काय असे विचारले. संबंध पुढे येतो.

नवे ऑइल मुलाने परवाच आदिलाबादहून आणले होते, पाच लिटरचा पिवळा कॅन. मागच्या खेपेचा रिकामा कॅनही तसाच पिवळा. मी तो रॉकेलने पुसून लखलखीत ठेवला होता. धार संपताच घमेल्यातले काळे ऑइल मी त्यात ओतले व थेंबांसाठी घमेले परत खाली सारले. त्यानंतर दोन्ही कॅन चाकापाशी शेजारी शेजारी उभे होते.

आता काळ्या ऑइलचा रिवाज सांगतो. आमच्या गावात ते फेकत नाहीत. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून ते चांगले चालते, दाराच्या लाकडाला लावले तर वाळवी येत नाही. म्हणून दर खेपेला एका घराची पाळी असते. या खेपेस भिवाजीची होती. परंतु तेल, मीठ आमच्याकडे कोणी कोणाच्या हातावर देत नाही. हातावर दिले तर देणाऱ्या-घेणाऱ्यांत भांडण लागते असे मानतात. देणाऱ्याने ओट्यावर ठेवायचे व आत जायचे. घेणाऱ्याने उचलून चालू लागायचे. हाक मारायची नाही, बरे आहे म्हणायचे नाही. वंगणावरून बोलणे झाले की बैल वाटेत बसतात. हा रिवाज जमादार साहेबांना नवा होता. माझ्या मुलाला तो ठाऊक आहे, परंतु नव्या ऑइलला तो लागू होत नाही असे त्याचे म्हणणे आहे.

सव्वाआठच्या सुमारास मी तिसऱ्यांदा कविता म्हणत असता तिसऱ्या कडव्याची दुसरी ओळ सापडेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटली, तरी तिथेच अडलो. तेवढ्यात माझी पत्नी वनमाला हिने चुलीपासूनच ती ओळ म्हणून दाखवली. ती वणीच्या शाळेत शिकलेली. आमच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाली, पण तिला ही कविता येते हे मला आजपर्यंत माहीत नव्हते. मी विचारले, "कधी बोलली नाही तू?" ती म्हणाली, "तुमी कधी अडलेच नाही. अडल्याशिवाय मधात कसं बोलू?" मग चवथे कडवे आम्ही दोघांनी मिळून म्हटले. म्हणत म्हणतच मी नट लावला, एक कॅन उचलून ओट्यावर नेऊन ठेवला आणि चहाला आत गेलो. कोणता कॅन उचलला ते मी पाहिले नाही.

नऊच्या आत भिवाजी आला व रिवाजाप्रमाणे मुकाट्याने कॅन उचलून गेला. समोरच्या राहीबाईंनी त्याला पाहिले. त्या झेंडूच्या माळा करत बसल्या होत्या.

पावणेअकराला मुलगा शेतातून आला. नवे ऑइल तो आल्यावर त्याच्यादेखत घालायचे ठरले होते. नट लावलेला, इंजिन रिकामे. त्याने उरलेला कॅन उघडला तर आत काळे. तो म्हणाला, "बाबा, तुमी ओट्यावर कोणता कॅन ठेवला?" मी म्हणालो, "काळ्याचा." असे म्हणत असतानाच मला कळले की तसे नाही. पण तोंडातून निघून गेले होते.

राहीबाईंनी भिवाजीचे नाव सांगितले. गाडी यायच्या आधी गावचा सगळा कापूस भिवाजीच्या बैलगाडीतून जात असे. त्यामुळे मुलाचे म्हणणे पडले की भिवाजीने मुद्दाम, सणाच्या तोंडावर गाडी बंद पाडायला हे केले. याबाबत मी शपथेवर लिहितो की, तीन वर्षांत भिवाजी आमच्या गाडीबद्दल एकदाच बोलला. "तुही गाडी पळते ते खरं, चिंतामणी, पन मागची धूळ कोन खाते?" इतकेच, आणि तेही हसून.

मुलगा अकराला सायकलने ठाण्यात गेला. मी गप्प राहिलो. कारण लिहिणे भाग आहे. मागच्या उन्हाळ्यात ऑइल घातल्यावर वरचे झाकण मी बॉनेटवरच विसरलो होतो, ते इंद्रवेल्लीच्या रस्त्यात कुठे पडले ते सापडले नाही. तेव्हा मुलगा म्हणाला होता, "बाबा, आनखी एकदा असं झालं का गाडीले हात लावू देनार नाही मी." तो रागाने बोलला नव्हता. म्हणून ते खरे आहे हे मला माहीत होते. आज मी हात धुवायला बसलो. बराच वेळ धुतले.

बाराला पत्नीने ताट वाढले. ती म्हणाली, "जेवून नाही राह्यले तुमी. भाजी खारट झाली का?" मी म्हणालो, नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, "जाऊन या. आता निघाले तर दोनले पोचान." मी तिला काहीही सांगितलेले नव्हते. मी पायी निघालो. वाटेत दोनदा बसलो. सव्वादोनला ठाण्यात आलो.

भिवाजीला नार्नूरच्या बाजारातून बोलावून आणलेले होते. मला पाहून तो म्हणाला, "काऊन आले हणमंतराव, एवढ्या उनाचे? डोक्याले टोपी बी नाही."

मी म्हणालो, "तुझ्यासाठी आलो."

"मंग सांगा ना याइले. मी कवाचा म्हनून राह्यलो, पाळी माही होती, ओट्यावर होतं, उचललं."

मी विचारले, "अरे, उघडल्यावर ऑइल पिवळं दिसलं नाही तुले?"

"दिसलं ना. म्हटलं उद्या दसरा आहे, हणमंतरावनं यंदा सोनं देलं. एक दिस आधी देलं, पन देलं. विचारू कसा? विचारलं का बैल बसतात."

जमादार साहेब हसले. कॅन मेजावर आहे, त्यात अर्धा लिटर ऑइल शिल्लक आहे. बाकीचे त्याने आपल्या गाडीच्या आसांना घातलेच, शिवाय बाजारात आलेल्या आणखी पाच गाड्यांना हौसेने घातले. त्या गाडीवाल्यांवर काही कारवाई होऊ नये अशी विनंती आहे. गाड्या आवाज न करता चालत आहेत असे भिवाजी सांगतो.

तीनला चिंतामणी ठाण्यात परत आला. तो नार्नुरात ऑइल शोधत फिरत होता, तसे ऑइल इथे कोणाकडे नाही. मी त्याला सर्व सांगितले. तो म्हणाला, "मंग सकाळीच काऊन नाही बोलले, बाबा?"

मी कारण सांगितले. ते वर लिहिले आहे. तो बाहेर गेला आणि चार चहा सांगून आला. पहिला कप त्याने भिवाजीपुढे ठेवला. "भिवाकाका, माह्यं चुकलं," असे म्हणाला. भिवाजी म्हणाला, "चहात साखर कमी आहे, बाकी काही नाही."

बासरचे कसे, हा प्रश्न निघाला. भिवाजी म्हणाला, "पहाटे चारले गाडी जुंपतो. नार्नूरले सहाच्या बसवर सगळ्याइले पोचवतो. पोरीची पाटी थांबाले नाही पायजे."

त्यानंतर मुलाने सर्वांसमक्ष विचारले की, पुढच्या खेपेला ऑइल कोण बदलणार. उत्तर भिवाजीने दिले. "मी बदलीन. गाडीखाली मी झोपतो, हणमंतराव खाटेवर बसून सांगतीन. नट कवा सोडाचा, कवा लावाचा, ते त्याइनंच सांगाचं. मले त्यातलं काय समजते?"

मुलाने रिकामे कप गोळा केले. मग म्हणाला, "बरं. पन नवा कॅन मी घरात ठेवीन, कुलपात. आन बाबानं हातानं इशारा केल्याशिवाय बाहेर काढनार नाही." मला हे मान्य आहे. भिवाजीलाही मान्य आहे.

येणेप्रमाणे जबाब मीच लिहिला आणि मीच खणखणीत वाचून दाखवला. जमादार साहेबांनी, मुलाने व भिवाजीने तो ऐकला. भिवाजीने एक दुरुस्ती सांगितली की, त्याला इथे कोणी बसवले नव्हते, तो आपणहून बसला होता, कारण खरे निघेपर्यंत उठणे त्याला बरे वाटले नाही. दुरुस्ती बरोबर आहे. मुलाने तक्रार परत घेतल्याचे खाली स्वतःच्या हाताने लिहिले आहे, भिवाजीने अंगठा दिला आहे. भिवाजी बाहेर बैल जुंपतो आहे, मुलगा आपली सायकल त्याच्या गाडीत चढवतो आहे, आणि माझ्यासाठी पुढे जागा ठेवली आहे, म्हणून सही करून उठतो.

सही: ह. उ. राजूरकर