विहिरीतली शेळी

तारामतीचे बाबा सटवाजी गेले त्याच्या आदल्या दुपारी ते अग्निशमन केंद्रातून उशिरा घरी आले. ती खोटंच म्हणाली, "मी केव्हाच जेवले."

महिन्यानं ती त्यांची शिट्टी न्यायला केंद्रात गेली. आवारात ओल्या पाइपांवर ऊन पेंगत होतं. खिडकीपाशी एक म्हातारी जवानाला विचारत होती.

"चिंचेवर मांजर अडकलं तर येता का, लेकरा?"

"येतो, मावशी. एकशे एक लावा."

"अन् म्हातारा चढून बसला तर?"

"त्याला तुम्हीच उतरवा."

"मागल्या महिन्यात सटवाजी आलते. हिरीतली शेळी काढली, पर च्या घेतला न्हाई. म्हणले, लेक उपाशी थांबली असंल."

"ते गेले, मावशी."

"आगं माय! अन् ती लेक?"

"थांबले होते, बाबा," तारामती मागून म्हणाली. "रोजच थांबत होते."