परत पाठवलेलं केळीचं पुस्तक

अरे, कर म्हटलं की मला आमच्या पप्पांचं पार्सल आठवतं. बहीण माझी कॅनडात असते. तिला तिथे केळीच्या जातींवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं, त्यात चक्क आपल्या वसईच्या सुकेळीचा, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांचा, फोटो! पप्पांची अख्खी हयात सांडोर गावातल्या आमच्या वाडीत केळी लावण्यात गेलेली, म्हणून तिने लगेच पाठवून दिलं. वर शहाणीने पार्सलच्या फॉर्मवर किंमत दुप्पट लिहिली. का, तर महाग दिसलं की लोक पार्सल आपटत नाहीत!

साहजिकच परदेशी पार्सलवरचा करही दुप्पट लागला. पोस्टमन दारात पैसे मागतोय आणि पप्पा ओट्यावरून ओरडतायत, "सुकेळी आमची, वाडी आमची, आणि फोटो बघायचा कर पन आम्हीच भरायचा? परत ने!"

मी म्हटलं, "मी भरतो ना." तर माझ्यावरच डाफरले. पार्सल आलं तसं गेलं.

बहीण फोनवर रडलीच. पुस्तक तिच्याकडे परत पोचल्यावर म्हणाली, "मीच वाचून दाखवते." एरवी महिन्यातून एकदा घाईघाईत फोन करणारी ती, आता रोज संध्याकाळी दोन पानं वाचते, आपल्या घरच्या बोलीत समजावते. पप्पा दर ओळीला पुस्तकाच्या चुका काढतात.

परवा ती म्हणाली, "पप्पा, नाताळला येतेय. पुस्तक बॅगेतूनच आणते, कर लागायचा नाही."

पप्पा लगेच म्हणाले,

"तू ये. पुस्तक तिथंच राहू दे. ते इथं आलं, तर तू परत गेल्यावर फोन कशाला करशील?"